पलंगाखालचा थोमा

मोहरीचा_दाणा | सोमवार, रात्री १०:४०

कुत्रा म्हटलं की विश्वासावरचं प्रवचन आपसूक तयार होतं. तो इमानी, आपण बेइमान. तो धन्याची वाट बघतो, आपण प्रभूची बघत नाही. आमेन, गीत क्रमांक अमुक. हे मी स्वतः संडेस्कूलच्या मुलांना दोनदा ऐकवलंय. तेव्हा माझ्या घरात कुत्रा नव्हता.

आता आहे. पाचेक वर्षांचा होऊन आला. आधीच्या घरी मार खाल्लेला. दारातून आत आला तो थेट पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात. पहिले दोन दिवस मी माणसं करतात ते सगळं केलं. वाकून हाका मारल्या, हात आत घातला, बिस्कीट दाखवलं, "ये रे बाळा" वगैरे. तो गुरगुरायचा. वाडगा आत सरकवून आम्ही खोलीबाहेर गेलो की मगच खायचा.

कुत्र्यांची जाण असलेल्या एका बाईंनी सांगितलं, "तुम्ही वरून येताय. त्याच्या आयुष्यात वरून आलेला प्रत्येक हात मारायलाच आलाय. खाली बसा. त्याच्याकडे तोंड करू नका, कुशीनं बसा. डोळ्यांत बघू नका, हात पुढे करू नका. तुमचं काहीतरी वाचत बसा."

मग रोज संध्याकाळी तासभर फरशीवर. पायांना मुंग्या यायच्या, पाठीला रग लागायची, घरचे हसायचे. अकराव्या दिवशी टाचेला ओलं काहीतरी लागलं. नाक. मी वळलो आणि तो परत कोपऱ्यात. (वळायला नको होतं.) एकोणिसाव्या दिवशी बाहेर आला, माझ्या घोट्यावर हनुवटी ठेवली आणि एक लांब सुस्कारा सोडला. मीही सोडला.

पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला ख्रिस्ताविषयीचा तो भाग, देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, हा मला लहानपणापासून पाठ. पाठ होता, एवढंच. त्या एकोणीस दिवसांत तो पहिल्यांदा गुडघ्यात दुखला. भेदरलेल्या जिवाला हाक मारून उपयोग नसतो, त्याच्या उंचीला यावं लागतं. आणि आल्यावरही तो लगेच जवळ येत नाही, तुमच्यावरच गुरगुरतो.

दुसरं म्हणजे, तो पहिल्या दिवसापासून आमचाच होता. वाडगा आणलेला, अंथरूण आणलेलं, नाव ठरलेलं. त्याला ते ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो फरक. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय ना, त्यानं आपल्यावर आधी प्रीती केली. तो "आधी" म्हणजे किती आधी, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा. फक्त एक विनंती, "मुकी जनावरं किती निरागस" छापाचं नको. खरोखर काय घडलं ते.

जुनी_वही | सोमवार, रात्री ११:१५

लिहिलंय छान, पण कुत्र्याला थोमा हे प्रेषिताचं नाव? आमच्या आजीनं धागाच मिटवला असता.

मोहरीचा_दाणा | सोमवार, रात्री ११:२२

जुनी वही, ते नाव मुलीनं ठेवलंय. तिचं म्हणणं, हा नाक लावल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही, मग दुसरं काय ठेवणार? मला पटलं. योहान २० मध्ये थोमा म्हणतो, जखमांना बोट लावल्याशिवाय प्रभू उठला हे मानणार नाही, तरी प्रभू त्याला हाकलून देत नाही. आठ दिवसांनी पुन्हा येतो आणि हात पुढे करतो, हे घे, बोट लाव. आपण त्या बिचाऱ्याला दोन हजार वर्षं "संशयी" म्हणत बसलोय.

चौथा_प्रहर | मंगळवार, सकाळी ७:०५

आमच्या कुत्रीचा अनुभव सांगतो. ती चपला फाडते. कितीही वर ठेवा. पण आम्ही घरी आलो की फाडलेली चप्पल दिसायच्या आधीच कळतं. कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग चोरून सरपटत येते आणि नजर वर करत नाही. येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राला असा कुणीतरी शिकवायला हवा होता! आपण चूक करून वर कारणं सांगतो, ती एक शब्द न बोलता पश्चात्ताप करते. परवाच्या कुटुंब प्रार्थनेत मी हेच सांगितलं, सगळ्यांना आवडलं.

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३०

मी नास्तिक, पण कुत्रेवाला असल्यानं धागा वाचतोय. चौथा प्रहर, तुमच्या प्रवचनात विघ्न आणतोय, राग मानू नका.

२००९ साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं नेमकं हेच तपासलं. चौदा कुत्रे आणि त्यांचे मालक. मालकानं "खायचं नाही" असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे काय घडलं ते त्याला खरंच सांगितलं जाईल असं नाही. कधी कुत्र्यानं खाऊ खाल्लेला नसतानाही मालकाला सांगायचे की खाल्ला. मालक आत येऊन रागवायचा. निघालं असं की तो "अपराधी" चेहरा कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर अवलंबूनच नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा. आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं पण ज्यांना रागावलं गेलं, त्यांचा चेहरा तर जास्तच पडला.

म्हणजे तुमची कुत्री पश्चात्ताप करत नाहीये. तुम्ही दारातून कसे आत येता ते ती वाचतेय. फाडलेल्या चपलेच्या दिवसांनी तिला एवढंच शिकवलंय की चप्पल खाली आणि मालक दारात, म्हणजे आता काही खरं नाही.

चौथा_प्रहर | मंगळवार, दुपारी १:५०

शंकासुर, राग आला होता. डबा खाताना ओसरला.

मग आठवलं, गेल्या महिन्यात चप्पल मुलानं फुटबॉल खेळताना फाडली होती. मी येऊन ओरडलो आणि सरपटत आली ती कुत्री. आम्ही हसलो होतो, "बघा, हिचा गुन्हा नसतानाही माफी मागतेय." तेव्हाच कळायला हवं होतं.

आता दोन गोष्टी छळतायत. एक, जे पाहून मी पश्चात्तापावर बोललो ते माझ्या चेहऱ्याचं भय होतं. आणि दोन, जी जास्त बोचतेय, मी स्वतः गुडघे टेकून जे करतो ते कशाचं असतं? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, सातव्या अध्यायात, पौल दोन दुःखं वेगळी करतो. एक देवाला हवं असलेलं, ज्यातून माणूस फिरतो, आणि दुसरं जगाचं, ज्यातून मरण येतं. माझ्या बहुतेक प्रार्थना कान मागे, शेपूट पोटाखाली, अशाच असतात. पापाचं वाईट वाटण्याआधी देवाच्या चेहऱ्याचा अंदाज घेणं चाललेलं असतं. आणि तो चेहरा मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावरून काढलाय, हे लिहितानाच लक्षात येतंय.

पुढच्या कुटुंब प्रार्थनेत दुरुस्ती करावी लागणार. चपला कपाटात.

जुनी_वही | मंगळवार, रात्री ८:१०

धागा रंगतोय, म्हणून थोडं पाणी ओततो.

पवित्र शास्त्रात कुत्र्याला जवळजवळ कुठेच चांगलं म्हटलेलं नाही. नीतिसूत्रे २६:११, ओकारीकडे परतणारा कुत्रा, आणि मूर्ख तसाच. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तेच पुन्हा. यशया ५६ मध्ये आळशी राखणदार म्हणजे भुंकू न शकणारे मुके कुत्रे. फिलिप्पैकरांस ३ मध्ये "कुत्र्यांपासून सावध". प्रकटीकरण २२ मध्ये नगरीबाहेर कोण, तर कुत्रे. दाविदाशी लढायला उभ्या गल्याथाला अपमान वाटतो तोही, "मी काय कुत्रा आहे, की तू काठी घेऊन आलास?" शौलाचा नातू मफीबोशेथ दावीद राजापुढे स्वतःला मेलेला कुत्रा म्हणवतो. त्या काळचा कुत्रा म्हणजे वेशीबाहेर उकिरडे फुंकणारा, पलंगाखालचा नव्हे. लूकातल्या दाखल्यातल्या लाजर भिकाऱ्याचे फोड चाटायला येतात तेही रस्त्यावरचेच, आणि ते दयेनं आले की रक्ताच्या वासानं, हे लूक सांगत नाही. प्रवचनकार सांगतात.

तेव्हा कुत्र्यावरून शास्त्र वाचू नका, एवढंच म्हणणं.

(एक अपवाद, तोही कॅथलिक बांधवांच्या शास्त्रात. टोबीतच्या पुस्तकात तोबिया देवदूतासोबत प्रवासाला निघतो तेव्हा कुत्रा मागे निघतो, आणि परत येतानाही कुत्रा मागेच. मधे तो काहीही करत नाही. ना भुंकत, ना कुणाला वाचवत. मला तो आवडतो.)

ओली_पायवाट | मंगळवार, रात्री ९:४५

जुनी वही, सगळं मान्य, पण मत्तय १५ कुठे गेलं? की मुद्दाम सोडलंत?

कनानी बाई मुलीसाठी ओरडत येते. शिष्य म्हणतात हिला घालवा. आणि प्रभू म्हणतो, मुलांची भाकरी घेऊन घरच्या कुत्र्यांना घालणं बरं नाही. हे वचन मी कितीतरी वर्षं ओलांडून पुढे जायचे. येशूच्या तोंडी हे? एका आईला? ग्रीकमध्ये तिथे साध्या कुत्र्याचा नाही, लहानग्या कुत्र्याचा शब्द आहे, कुनारियोन, म्हणून मराठीत "घरची" आलंय, असं पाळकांनी सांगितलं होतं. त्यानं माझं फारसं समाधान झालं नव्हतं. लहान कुत्रा म्हटलं म्हणून अपमान लहान होतो का?

आमच्याकडे कुत्रा आला आणि जेवणाच्या मेजाखाली बसायला लागला तेव्हा ती बाई मला दिसली. ती शब्द नाकारत नाही, जागा ओळखते. मेजाखालचा कुत्रा घराबाहेर नसतो. त्याच घरात, त्याच जेवणाला, त्याच वेळी हजर असतो. आमच्या लेकीच्या हातून जे खाली पडतं, कधी चुकून, कधी मुद्दाम, ते त्याच्यापर्यंत पोचतंच. आपल्याला पोळीचा मोठा तुकडा का नाही, असं त्याच्या मनात येत नाही. त्याला माहीत असतं की वर भरपूर आहे. ती बाई तेच म्हणतेय. तुझ्याकडे इतकं आहे की चुऱ्यात माझी मुलगी बरी होईल. आणि प्रभू तिच्या विश्वासाला "मोठा" म्हणतो. शिष्यांना त्याआधीच्याच अध्यायात "अल्पविश्वासी" ऐकावं लागलं होतं, पेत्र पाण्यात बुडताना. मेजावर बसणारे अल्पविश्वासी आणि मेजाखालची मोठी.

ते वचन अजूनही टोचतं. पण आता ते ओलांडून जात नाही.

सांजवेळ | बुधवार, सकाळी ८:२०

मी ख्रिस्ती नाही, वाचनमात्र असते. वरचा प्रतिसाद वाचून नामदेवांची गोष्ट आठवली. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, "देवा, कोरडी खाऊ नका." धर्मराजाच्या कुत्र्याची तर सगळ्यांना माहीत आहेच. तुमच्याकडे कुत्रा मेजाखाली, आमच्याकडे त्याच्यातच देव. वेगळं आहे, पण दोन्हीकडे माणूस खाली वाकतोय. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

मोहरीचा_दाणा | बुधवार, सकाळी ८:५५

सांजवेळ, अवांतर कसलं! आमच्या आईची आवडती गोष्ट. फरक तुम्हीच नेमका सांगितलात, तो पुसायला नको. पण वाटी घेऊन धावणारा माणूस मलाही ओळखीचा वाटतो.

जुनी_वही | बुधवार, दुपारी १२:३०

ओली पायवाट, मुद्दाम नव्हतं सोडलं. विसरलो. वय.

प्रायश्चित्त म्हणून एक देतो. धर्मसुधारक मार्टिन लूथरकडे कुत्रा होता, ट्यॉलपेल नावाचा. नावाचा अर्थ साधारण "धांदरट". जेवताना तो मालकाच्या हातातल्या मांसाच्या तुकड्याकडे तोंड उघडं टाकून, पापणी न हलवता बघत बसायचा. जेवणाच्या वेळी लूथर जे बोलायचा ते त्याचे विद्यार्थी टिपून ठेवत, त्यात १५३२ सालची ही नोंद आहे. लूथर म्हणाला, हा जसा त्या तुकड्याकडे बघतो तशी मला प्रार्थना करता आली असती तर! त्याच्या डोक्यात दुसरा विचार नाही, दुसरी इच्छा नाही.

मला यात आवडतं ते हे, की लूथर त्याला भक्त ठरवत नाही. कुत्रा मांसच मागतोय. पण मागतोय ते पूर्ण मन लावून. माझं प्रार्थनेत "हे आमच्या स्वर्गातील पित्या" होईस्तोवर गॅस बंद केला का, इथवर मन जाऊन येतं.

पिवळा_कंदील | बुधवार, रात्री १०:००

माझंही लिहितो. आमच्या कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन झालं. गळ्यात ती भोंग्यासारखी प्लास्टिकची कॉलर, दाराच्या चौकटीला थडाथड आपटायची. रोज इंजेक्शन. त्याला काय कळणार की हे बरं करायला चाललंय? ज्या हातांनी कुरवाळतात तेच हात धरून ठेवतात आणि सुई टोचून घेतात. तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच हातांशी आला. मला वाटलं, देव आपल्याशी असंच करतो. आपल्याला सुई दिसते, त्याला पाय दिसतो. आपण फक्त विश्वास ठेवायचा.

ओली_पायवाट | बुधवार, रात्री १०:४०

पिवळा कंदील, तुमच्या मनात वाईट काही नाही हे समजतं. पण हे उदाहरण मला नको. माझा भाऊ एकतिसाव्या वर्षी गेला. सगळ्या सुया टोचून झाल्या होत्या. पाय बरा झाला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण मला "देवाला पुढचं दिसतं" सांगत होता. तुमचा कुत्रा वाचला म्हणून उदाहरण जमलं. वाचला नसता तर तुम्ही काय लिहिलं असतं?

शंकासुर | बुधवार, रात्री १०:४४

मी इथे काही बोलत नाही. फक्त ओली पायवाट यांचं वाचलं, एवढं कळावं म्हणून.

पिवळा_कंदील | गुरुवार, सकाळी ६:१५

ताई, रात्रभर विचार केला. माफ करा.

खरं सांगायचं तर मी उदाहरणात स्वतःला देवाच्या जागी बसवलं, आणि चूक तिथेच झाली. ऑपरेशन मी केलं नव्हतं. सुईतलं औषध काय ते मला माहीत नव्हतं. तो जगेल की नाही तेही नाही. डॉक्टरीणबाई टोचत होत्या आणि मी त्याचं डोकं छातीशी धरून "झालं झालं, झालं झालं" म्हणत होतो. झालेलं काहीच नव्हतं. हात थरथरत होते, त्याचे कमी, माझे जास्त. तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो मी बरं केलं म्हणून नसेल. तिथे धरून असलेला मी होतो म्हणून असेल.

योहान ११ मध्ये प्रभूला माहीत असतं की त्याचा मेलेला मित्र लाजर (तो भिकारी नव्हे) थोड्याच वेळात उठणार. तरी कबरेकडे जाताना तो रडतो. पुढचं दिसत असून रडतो. हे मी तुम्हाला उत्तर म्हणून देत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की कालचं माझं "त्याला पाय दिसतो" फार स्वस्तातलं होतं.

ओली_पायवाट | गुरुवार, सकाळी ७:३०

"झालं झालं" आमची आई म्हणायची त्याला. शेवटच्या रात्री.

राग नाही. लिहीत राहा.

चौथा_प्रहर | गुरुवार, दुपारी ३:००

एक प्रश्न. आमची कुत्री आता तेरा वर्षांची. मुलं विचारतात, ही स्वर्गात जाणार का? पोपसाहेब "हो" म्हणाले होते ना?

जुनी_वही | गुरुवार, दुपारी ४:२०

म्हणाले नव्हते. २०१४ च्या डिसेंबरात ती बातमी जगभर फिरली, की पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाला तसं सांगितलं. नंतर मोठमोठ्या वर्तमानपत्रांना दुरुस्ती छापावी लागली. आपल्या ढकलपत्रांत ती दुरुस्ती आलीच नाही, बातमी मात्र दरवर्षी येते.

मेथोडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली मात्र अठराव्या शतकात रोमकरांस ८ घेऊन खरोखर बोलला होता. सगळी सृष्टी कण्हतेय आणि तिचीही सुटका व्हायचीय, तर त्यात जनावरं का नसावीत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या एका प्रवचनाचा विषयच तो होता. स्तोत्र ३६ मध्ये परमेश्वर मनुष्य आणि पशू दोघांचं रक्षण करतो, असंही आहे. योनाच्या पुस्तकाचा शेवट बघा. देव निनवे नगरीची गणती करताना एक लाख वीस हजारांवर माणसं म्हणतो आणि पुढे जोडतो, "शिवाय पुष्कळ गुरेढोरे." पुस्तक तिथेच संपतं.

मुलांना मी "हो" सांगणार नाही आणि "नाही" तर मुळीच सांगणार नाही. निनवेची गुरं सांगेन.

शंकासुर | गुरुवार, संध्याकाळी ६:०५

हे पुस्तक गुरांवर संपतं हे मला ठाऊक नव्हतं. वाचतो.

मोहरीचा_दाणा | शुक्रवार, पहाटे २:५०

धागा इतका चालेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचं वाचलं, उत्तरं सावकाश देतो.

आत्ता वेगळंच चाललंय. बाराच्या सुमारास जोराचा गडगडाट सुरू झाला. थोमा घरात येऊन आता सात महिने झाले. माणसाळलाय, पायात पायात करतो, दूधवाल्यावर भुंकतो. मला वाटलं होतं ते पलंगाखालचं प्रकरण संपलं. पहिल्याच गडगडाटाला सरळ तिथे. त्याच कोपऱ्यात. हाक मारली तर गुरगुरला. माझ्यावर! सात महिन्यांनंतर!

जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चौथा प्रहर यांचा प्रतिसाद वाचला नसता तर कदाचित रागावलोही असतो. मग उशी घेतली आणि खाली बसलो, कुशीनं. पुस्तक वाचायला दिवा नाही, वीज गेलीय, म्हणून फोनवर हे टंकतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पाऊस कमी झालाय. हनुवटी अजून आलेली नाही. शेपटीचं टोक मात्र पलंगाबाहेर आलंय, माझ्या चपलेवर.

मी वळलेलो नाही.